डॉक्टर जॉन लँग्डन डाउन

शाळेच्या कचेरींत एक जाड बांधणीचें रजिस्टर असतें. मूल ज्या दिवशीं प्रथम शाळेंत येतें, त्या दिवशीं त्याचें नांव, वडिलांचें नांव, जन्मतारीख, जन्मगांव वगैरे माहिती त्यांत लिहिली जाते. त्या एका ओळीनें तें मूल शाळेचें होतें. पुढें तें हुशार निघो कीं मंद निघो, ती ओळ कोणी पुसूं शकत नाहीं. या ओळीची किंमत आपणांस सहसा वाटत नाहीं, कारण ती आपणांस मागतांच मिळाली. परंतु जगांत अशीं असंख्य मुलें होऊन गेलीं, कीं ज्यांचें नांव कोणत्याही शाळेच्या रजिस्टरांत कधींच चढलें नाहीं. कारण तीं कांहीं शिकूं शकतील असें कोणास वाटतच नव्हतें. अशा मंदबुद्धि मुलांचीं नांवें आरंभींच्या काळांत ज्या रजिस्टरांत लिहिलीं गेलीं, त्यांपैकीं एक इंग्लंडांतील अर्ल्सवुड येथील संस्थेचें होय. त्या रजिस्टरांतील प्रत्येक ओळीमागें एक जिवंत माणूस आहे, हें ज्यांनीं ओळखलें व जन्मभर त्या ओळखीस जागले, त्या डॉक्टर जॉन लँग्डन डाउन यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवावयाचें आहे.

जॉन यांचा जन्म १८२८ सालीं नोव्हेंबरच्या १८ व्या तारखेस टॉरपॉइंट या गांवीं झाला. हें गांव इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागांत, कॉर्नवॉल परगण्यांत, प्लिमथ बंदराच्या समोर खाडीपलीकडच्या तीरावर आहे. त्यांच्या वडिलांचें तेथें किराणा व औषधें यांचें दुकान होतें. जॉन हा भावंडांत सर्वांत धाकटा. बुद्धि चांगली असूनही चवदाव्या वर्षाच्या सुमारास त्याची शाळा सुटली आणि तो दुकानांत वडिलांच्या हाताखालीं काम करूं लागला. ज्याची स्वतःची शाळा अशी अर्ध्यावर सुटली, त्यानेंच पुढें ज्यांस कोणतीच शाळा घेत नव्हती अशांसाठीं शाळा चालवावी, हा योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

जॉन सुमारें अठरा वर्षांचा असतांना एक लहानशी गोष्ट घडली. घरच्या मंडळींबरोबर तो सहलीस गेला होता. वाटेंत जोराचा पाऊस लागला, म्हणून सर्वांनीं एका खेडुताच्या घराचा आसरा घेतला. त्या घरांत एक मुलगी पाहुण्यांस चहा आणून देत होती. ती मंदबुद्धि आहे, हें जॉनच्या ध्यानांत आलें. पाऊस थांबला, मंडळी आपल्या वाटेनें निघून गेली. परंतु जॉनच्या मनांत एक प्रश्न घर करून राहिला. या मुलीसाठीं कांहींच करतां येणार नाहीं काय? ही गोष्ट तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर, नामांकित वैद्य झाल्यानंतर, त्यांनीं स्वतः एका समारंभांत सांगितली. त्या घरांत त्या दिवशीं इतर मंडळीही होतीच. तीच मुलगी सर्वांनीं पाहिली. प्रश्न मात्र एकालाच पडला.

पुढें जॉन लंडनला गेला व व्हाइटचॅपल या गरीब वस्तींतील एका शस्त्रवैद्याजवळ उमेदवारी करूं लागला. औषधें तयार करणें, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटविणें, दांत काढणें अशीं कामें त्याच्या वांट्यास आलीं. त्यानंतर औषधशास्त्राच्या एका प्रसिद्ध संस्थेच्या प्रयोगशाळेंत त्यानें रसायनशास्त्राचा अभ्यास केला व त्यांत बक्षीस मिळविलें. मध्यंतरीं कांहीं काळ त्यास गांवीं परतून वडिलांच्या दुकानास हातभार लावावा लागला. १८५३ सालीं वडील वारले. ज्या वयांत पुष्कळांचें शिक्षण पुरें होऊन ते धंद्यास लागलेले असतात, त्या वयांत, म्हणजे पंचविशीच्या घरांत, जॉननें लंडन हॉस्पिटलच्या वैद्यकीय शाळेंत नांव घातलें. आपल्याहून वयानें लहान असलेल्या मुलांबरोबर बसण्याचा संकोच त्यानें धरला नाहीं. १८५६ सालीं तो डॉक्टर झाला. लंडन विद्यापीठाच्या परीक्षेंत त्यास सुवर्णपदकही मिळालें.

अशा हुशार तरुणास लंडनमध्यें मोठें नांव व मोठी प्राप्ति सहज लाभली असती. परंतु १८५८ सालीं त्यांनीं अर्ल्सवुड येथील मुख्य वैद्याची जागा पत्करली, तेव्हां त्यांच्या स्नेह्यांस मोठें नवल वाटलें. हें नवल कां वाटलें, तें समजण्यासाठीं त्या काळची स्थिति थोडी ध्यानांत घेतली पाहिजे.

ज्यांची बुद्धि जन्मापासून अथवा बालपणापासून पुरती वाढत नाहीं, अशा माणसांस त्या काळीं इंग्रजी वैद्यकांत ‘इडियट’ म्हणत. आज हा शब्द शिवी म्हणून उरला आहे व सभ्य माणूस तो उच्चारीत नाहीं; परंतु तेव्हां तो कायद्यांत, दाखल्यांत व संस्थेच्या नांवांतही असे. अशीं माणसें कोठें घरांत डांबून ठेवलेलीं असत, कोठें अनाथ-गरिबांच्या आश्रमांत पडलेलीं असत, तर कोठें वेड्यांच्या इस्पितळांत कोंडलेलीं असत. वेड लागणें व बुद्धि मंद असणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हेंही पुष्कळांच्या गांवीं नव्हतें. फ्रान्समध्यें एडवर्ड सेगिन या शिक्षकानें अशीं मुलें शिकूं शकतात हें दाखवून दिलें होतें. त्या प्रयत्नांची वार्ता इंग्लंडांत पोहोंचली, आणि अँड्र्यू रीड नांवाच्या एका धर्मोपदेशकांनीं १८४७ सालीं अशा मुलांसाठीं संस्था काढण्याचा उपक्रम केला. रीड यांनीं पूर्वीं अनाथ मुलांसाठींही आश्रम काढले होते. पहिलीं मुलें १८४८ सालीं लंडनजवळ हायगेट येथील एका घरांत घेण्यांत आलीं. पुढें लंडनच्या दक्षिणेस सरे परगण्यांत रेडहिलजवळ अर्ल्सवुड येथें मोठी इमारत उभी राहिली. तिचा पाया १८५३ सालीं राणी व्हिक्टोरियाचे पति प्रिन्स अल्बर्ट यांच्या हस्तें घातला गेला व १८५५ सालीं त्यांच्याच हस्तें ती उघडण्यांत आली. इमारत भव्य होती. परंतु आंतील व्यवस्था तितकी चांगली नव्हती, आणि सरकारी तपासनिसांनीं तिच्यावर ठपका ठेविला होता. अशा वेळीं डाउन तेथें गेले.

आतां त्या संस्थेंत मूल दाखल कसें होई, तें पाहूं. संस्था लोकांच्या वर्गणीवर चाले. जो वर्गणी देई त्यास मत देण्याचा अधिकार असे. वर्षांतून दोन वेळां निवडणूक होई आणि ज्या मुलांस अधिक मतें पडत, तीं आंत घेतलीं जात. जागा थोड्या व उमेदवार पुष्कळ असत. म्हणून आईबाप व त्यांचे हितचिंतक वर्गणीदारांस पत्रें लिहून मतांची याचना करीत. ज्यांस पैसे भरण्याची ऐपत असे, त्यांच्या मुलांस फी घेऊनही घेत. मतांनीं निवडून आलेलीं मुलें बहुधा कारागीर, दुकानदार, कारकून अशा बेताच्या स्थितीच्या कुटुंबांतील असत, व त्यांस पांच वर्षें ठेवून घेण्याचा नियम होता. ज्यास मतें कमी पडलीं, तें मूल घरींच राही. त्याच्या आईनें पुन्हां सहा महिने वाट पाहावी व पुन्हां पत्रें लिहावीं. शाळेंत जागा मिळावी म्हणून सुदृढ मुलाच्या बापानेंही कधीं कधीं खटपट केलेली आपण पाहतों. मग ज्या मुलाकडे पाहून शेजारी तोंड फिरवीत, त्याच्यासाठीं दारोदार मतें मागणाऱ्या मातेची मनःस्थिति कशी असेल, याची कल्पना पालकांनींच करावी.

मूल निवडलें गेलें म्हणजे कागदपत्रें भरावीं लागत. त्या काळचा कायदा वेडेपणाचाच असल्यामुळें वैद्यांचे दाखले त्यांस जोडावे लागत. मंदबुद्धि माणसांसाठीं निराळा कायदा १८८६ सालीं झाला. तोंवर त्यांची गणना वेड्यांतच होई. याखेरीज घरच्या माणसांस मुलाविषयीं प्रश्न विचारलेले असत. त्याला चालतां येतें काय, बोलतां येतें काय, आपल्या हातानें जेवतां येतें काय, कपडे घालतां येतात काय, फेफरें येतें काय, अशा प्रकारचे ते प्रश्न होते. वरवर पाहतां हे रुक्ष प्रश्न आहेत. परंतु थोडा विचार केला म्हणजे त्यांतील मर्म कळतें. जगानें त्या मुलाकडे पाहून त्याला काय येत नाहीं एवढेंच मोजलें होतें. येथें प्रथमच कोणी तरी कागदावर त्याला काय येतें हेंही विचारीत होतें. ज्या आईनें मुलाचा घांस उचलण्याचा प्रयत्न, त्याचा एखादा उच्चारलेला शब्द मनांत जपून ठेविला होता, तिला तो लिहून देण्यास जागा मिळाली.

हे कागद कपाटांत ठेवून देऊन आपलें काम झालें, असें डाउन यांनीं मानलें नाहीं. आलेल्या मुलास ते स्वतः तपाशीत, त्याच्या डोक्याचीं मापें घेत, जीभ, टाळू, हात, डोळे न्याहाळीत, घराण्याची माहिती विचारीत आणि सर्व कांहीं टिपून ठेवीत. फोटो काढण्याची कला तेव्हां नवी होती. ती त्यांनीं साध्य केली व अर्ल्सवुडच्या रहिवाशांचे दोनशेंहून अधिक फोटो काढले. त्या चित्रांत मुलें नीटनेटक्या कपड्यांत आहेत. ज्या काळीं फोटो हा श्रीमंतांनींच हौसेनें काढवून घ्यावयाचा, त्या काळीं ज्यांचें तोंड पाहणेंही लोकांस अशुभ वाटे त्यांस डाउन यांनीं भद्र लोकांप्रमाणें कॅमेऱ्यासमोर बसविलें.

संस्थेंतील राहणी त्यांनीं मुळापासून सुधारली. मुलांस मारण्याची त्यांनीं सक्त मनाई केली. शिक्षा करून नव्हे, तर शाबासकी देऊन व प्रेम करून मूल वळणावर येतें, हा त्यांचा नियम होता. स्वच्छता, मोकळी हवा, सकस अन्न व व्यायाम यांवर त्यांनीं भर दिला. मुलें टेबलापाशीं बसून सुरी-कांट्यानें व्यवस्थित जेवूं लागलीं. जड जिभेच्या मुलांकडून जिभेचे व्यायाम करून घेऊन त्यांचें बोलणें सुधारण्यांत आलें. पैशांचा व्यवहार समजावा म्हणून खोटें दुकान मांडून, तराजू व नाणीं हातीं देऊन, देण्याघेण्याचा धडा देत. वयानें मोठी मुलें बागेंत व शेतांत काम करीत. कोणी सुतारकाम, कोणी चांभारकाम, कोणी चटया विणण्याचें काम शिके. नोकरांनींही मुलांशीं कसें वागावें याची शिकवण त्यांस दिली जाई, कारण रात्रंदिवस मुलांजवळ असतो तो नोकर, वैद्य नव्हे, हें डाउन जाणून होते.

त्या संस्थेंत जेम्स हेन्री पुलन नांवाचा एक रहिवासी होता. तो डाउन यांच्याही पूर्वीं दाखल झालेला. त्यास ऐकूं फार कमी येई व धड बोलतांही येत नसे. परंतु लांकडावर त्याचा हात असा चाले कीं पाहणारा थक्क होई. ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या अति मोठ्या आगबोटीची हुबेहूब प्रतिकृति त्यानें अनेक वर्षें खपून केली, आणि ती पुढें प्रदर्शनांत मांडली गेली. एका अंगानें अत्यंत दुर्बल असलेल्या बुद्धींत दुसऱ्या अंगानें असें विलक्षण सामर्थ्य असूं शकतें, याचा विचार डाउन यांनीं पुढें आपल्या १८८७ च्या व्याख्यानांत केला. माणसाच्या बुद्धीस एकच माप लावूं नये, हा धडा पुलनच्या हातांनीं वैद्यांस शिकविला.

१८६० सालीं डाउन यांचा विवाह मेरी क्रेलिन या बाईंशीं झाला. मेरीबाई पतीच्या कार्यांत बरोबरीच्या भागीदार झाल्या. त्यांस एक मुलगी झाली, ती दोन वर्षांची होऊन १८६५ सालीं वारली. अपत्यवियोगाचें दुःख या दांपत्यास असें जवळून ठाऊक होतें.

१८६६ सालीं डाउन यांनीं तो लेख प्रसिद्ध केला, ज्यामुळें त्यांचें नांव आज जगभर घेतलें जातें. आपल्याकडे येणाऱ्या मुलांच्या नोंदी व चेहरे पाहतां पाहतां त्यांच्या असें लक्षांत आलें होतें कीं, त्यांपैकीं कांहीं मुलें परस्परांशीं नात्यानें जोडलेलीं नसूनही सख्ख्या भावंडांसारखीं दिसतात. चेहरा रुंद व चपटा, नाक लहान, डोळे तिरकस, जीभ जाड. दर शंभर मुलांत अशीं दहाहून अधिक आहेत, असा त्यांचा हिशेब निघाला. हीं मुलें जन्मापासूनच अशीं असतात, पुढें झालेल्या आजारानें नव्हे. तीं विनोदी व आनंदी असतात. नक्कल करण्यांत कुशल असतात. हिंवाळ्यापेक्षां उन्हाळ्यांत तीं अधिक तरतरीत दिसतात. आणि योग्य शिक्षणानें तीं पुष्कळ सुधारतात, हीं त्यांचीं निरीक्षणें होतीं. दवाखान्यांत एखादेंच मूल पाहणाऱ्या वैद्यास हें कधींच दिसलें नसतें. शेंकडों मुलांच्या नोंदी एके ठिकाणीं होत्या व त्या काळजीपूर्वक वाचणारा माणूस तेथें होता, म्हणून हें दिसलें.

परंतु येथेंच त्यांच्या हातून एक मोठी चूकही झाली. त्या मुलांचे डोळे व चेहरा पाहून त्यांस आशियांतील मंगोल लोकांचा भास झाला, आणि या प्रकारास त्यांनीं त्याच लोकांवरून नांव दिलें. मनुष्यजातीचे निरनिराळे वंश वरच्या-खालच्या पायऱ्यांवर आहेत, ही त्या काळच्या युरोपांत रुजलेली कल्पना. तिचीच छाया या नांवावर पडली. आईबापांचा क्षयरोग हें या स्थितीचें कारण असावें, हाही त्यांचा तर्क चुकीचाच ठरला. एवढें खरें कीं, त्या लेखांतून त्यांनीं काढलेला निष्कर्ष त्या काळच्या अनेक पंडितांच्या उलट होता. इंग्रज आईबापांच्या पोटीं परक्या वंशाच्या चेहऱ्याचें मूल जन्मतें, त्या अर्थीं वंशावंशांतील भिंती अभेद्य नाहींत व सर्व मानवजात एकच आहे, असें त्यांनीं प्रतिपादिलें. अमेरिकेंत गुलामगिरीसाठीं झालेलें युद्ध तेव्हां नुकतेंच संपलें होतें व मानव एक नाहींत असें सांगणारे विद्वान पुष्कळ होते. तथापि चांगल्या हेतूनें दिलेलें चुकीचें नांवही दुखावतें. तें नांव शंभर वर्षें त्या मुलांच्या व एका संपूर्ण राष्ट्राच्या कपाळीं चिकटून राहिलें.

अर्ल्सवुडच्या व्यवस्थापक मंडळाशीं डाउन यांचे मतभेद होऊं लागले. १८६७ सालीं पॅरिस येथें भरलेल्या मोठ्या प्रदर्शनांत रहिवाशांच्या हातचें काम मांडण्याच्या खर्चाचा वाद हें त्यांपैकीं एक कारण होय. शेवटीं १८६८ सालीं डाउन यांनीं राजीनामा दिला व त्याच वर्षीं लंडनच्या पश्चिमेकडे, थेम्स नदीपासून जवळच, हॅम्प्टन विक येथें स्वतःची संस्था काढली. नॉर्मन विल्किन्सन या आपल्या मित्राच्या नांवावरून त्यांनीं तिला नॉर्मन्सफील्ड हें नांव दिलें. आरंभीं सुमारें वीसच मुलें होतीं. पुढें ही संख्या शंभराच्या वर गेली. ही संस्था फी घेणारी असल्यामुळें येथें श्रीमंतांचीं मुलें येत. गरिबाघरचें मंदबुद्धि मूल उपासमारीनें व हालांनीं पीडित असे, तर श्रीमंताघरचें मूल लोकलज्जेस्तव लपविलेलें असे. डाउन यांनीं या लपविलेल्या मुलांस उजेडांत आणिलें. १८७९ सालीं त्यांनीं तेथें एक सुंदर नाट्यगृह बांधलें. ज्यांस घरीं पाहुण्यांसमोर येऊं देत नसत, तीं मुलें तेथें संगीत व नाटकांत रमत. मेरीबाई नोकरचाकर, हिशेब व पालकांशीं पत्रव्यवहार हीं सर्व कामें सांभाळीत. पैसा येत होता म्हणून डाउन आळसावले नाहींत. लंडन हॉस्पिटलमधील वैद्याचें काम त्यांनीं चालूच ठेविलें. स्त्रियांस उच्च शिक्षण दिल्यास त्यांचीं मुलें मंदबुद्धि निपजतील, असें त्या काळीं कांहीं लोक म्हणत. स्वतःच्या अनुभवाच्या आधारें डाउन यांनीं या म्हणण्यास विरोध केला व स्त्रीशिक्षणाची बाजू घेतली.

१८९६ सालीं ऑक्टोबरच्या ७ व्या तारखेस वयाच्या ६७ व्या वर्षीं डाउन यांस अकस्मात् मृत्यु आला. त्यांचे दोघे पुत्र, रेजिनल्ड व पर्सिव्हल, हेही वैद्य होते. त्यांनीं नॉर्मन्सफील्डचें काम पुढें चालविलें.

यापुढील हकीकत विशेष मनन करण्याजोगी आहे. डाउन यांच्या मृत्यूनंतर सुमारें नऊ वर्षांनीं, १९०५ सालीं, रेजिनल्ड यांस मुलगा झाला. ज्या लक्षणांचें वर्णन आजोबांनीं केलें होतें, तींच लक्षणें नातवांत होतीं. जें रजिस्टर इतकीं वर्षें परक्यांच्या मुलांचें होतें, तें आतां स्वतःच्या घराचें झालें. पुढच्याच वर्षीं, १९०६ सालीं, रेजिनल्ड यांनीं वैद्यांच्या सभेपुढें या विषयावर लेख वाचला व त्यांत वडिलांची वंशाची कल्पना ग्राह्य नसल्याचें सांगितलें. अशा मुलांच्या तळहातावर पुष्कळदां एकच आडवी रेघ असते, ही गोष्टही त्यांनीं नोंदविली. पित्याविषयीं पूज्यभाव ठेवूनही पित्याची चूक दाखवितां येते, याचें हें चांगलें उदाहरण होय.

खरें कारण त्यानंतर पन्नास वर्षांनीं कळलें. १९५९ सालीं फ्रान्समध्यें जेरोम लेजन, मार्थ गोतिए व रेमोन तुर्पें यांनीं असें प्रसिद्ध केलें कीं, माणसाच्या शरीरांतील प्रत्येक पेशींत ४६ गुणसूत्रें असतात, तर या मुलांत ४७ असतात. एकविसाव्या जोडींत दोनांऐवजीं तीन गुणसूत्रें येतात, एवढाच तो फरक. यांत वंशाचा संबंध नाहीं, क्षयाचा नाहीं, आईबापांच्या पापपुण्याचा तर मुळींच नाहीं. १९६१ सालीं अनेक शास्त्रज्ञांनीं मिळून जुनें नांव टाकून द्यावें अशी सूचना केली, आणि मंगोलियाच्या प्रतिनिधींच्या विनंतीवरून १९६५ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तें सोडून दिलें. त्याच्या जागीं आलेलें नांव डाउन सिंड्रोम हें होय. एकविसाव्या गुणसूत्राच्या तीन प्रती, म्हणून तिसऱ्या महिन्याची एकविसावी तारीख या मुलांचा दिवस म्हणून २०१२ सालापासून संयुक्त राष्ट्रसंघ पाळतो. डाउन यांच्या काळीं अशीं मुलें बहुधा तरुणपणींच दगावत. आज चांगली वैद्यकीय मदत मिळाल्यास त्यांपैकीं पुष्कळजण साठीपर्यंत जगतात.

मोठमोठ्या संस्थांचा काळही आतां मागें पडला आहे. जेथें शेंकडों माणसें समाजापासून दूर एकत्र ठेवावयाचीं, तेथें चांगला माणूस मुख्य असेतोंपर्यंत चांगलें चालतें. तो गेला म्हणजे काळजी आटते व कुलूप तेवढें उरतें. नॉर्मन्सफील्डमध्येंही पुढें दुर्दशा झाली व १९७६ सालीं तेथील परिचारकांनीं संप केल्यावर तिची सरकारी चौकशी झाली. अर्ल्सवुड व नॉर्मन्सफील्ड या दोन्ही संस्था १९९७ सालीं बंद झाल्या. अशा मुलांनीं आपल्या घरीं, आपल्या भावंडांत वाढावें व शक्य तेथें गांवच्याच शाळेंत जावें, हा विचार आतां मान्य झाला आहे. नॉर्मन्सफील्डची जुनी इमारत व तिचें नाट्यगृह मात्र राखून ठेविलें आहे, आणि डाउन सिंड्रोम असलेल्यांसाठीं झटणाऱ्या संस्थेचें कार्यालय तेथेंच आहे.

दोन्ही संस्थांचे जुने कागद आज लंडन व सरे येथील दप्तरखान्यांत सांभाळून ठेविले आहेत. दाखल झाल्याची तारीख, वय, बापाचा धंदा, काय येतें, काय येत नाहीं, असें त्या पानांवर ओळीमागून ओळ लिहिलेलें आहे. इतिहासाचे अभ्यासक तीं पानें उलटतात. ज्यांच्या नांवानें कोणी दगडही उभारला नसता, त्यांची साक्ष त्या एका ओळीनें ठेविली आहे.

विद्यार्थीमित्रांनो, डाउन यांचें चरित्र वाचून त्यांची विद्वत्ता आपणां सर्वांस साधेल असें नाहीं. परंतु पावसांतून आसरा घेतलेल्या त्या घरांत त्यांस जो प्रश्न पडला, तो पडण्यास विद्वत्ता लागत नाहीं. आपल्या आळींतही एखादें असें मूल असेल, कीं ज्याच्या बोलण्याची नक्कल करून आपण हंसलों असूं. त्याला काय येत नाहीं हें सर्व गांवाला ठाऊक असतें. त्याला काय येतें, हें आपण एकदां तरी विचारलें आहे काय? आणि पालकहो, आपल्या घरीं असें मूल असल्यास त्याला पाहुण्यांपासून लपवूं नका. त्याचें नांव रजिस्टरांत चढवा. तें दिव्यानें उजळलेल्या घरांत, सर्वांच्या पंक्तीस बसून जेवूं द्या. दीडशें वर्षांपूर्वीं एका दुकानदाराच्या मुलानें हेंच केलें, आणि त्यापुढें त्याच्या चुकीच्या तर्कांचें फारसें महत्त्व उरत नाहीं.